पहिला घोट कुणाचा

अणदूरच्या महादेवीनं जन्मात सगळ्यात जास्त काय मोजलं असेल तर बारवेच्या पायऱ्या. सत्तावन्न. तेलाचा व्यापार करणाऱ्या लिंगायत रेवणप्पाशी लग्न होऊन ती बाराव्या वर्षी या गावात आली आणि अंगाची हळद निघायच्या आत सासूनं तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवली. तेव्हापासून सकाळी सहा खेपा, संध्याकाळी तीन. पाहुणे आले, मठाचे स्वामी आले, कुणाचं कार्य निघालं की खेपा वाढायच्या. कमी झाल्याचं तिला आठवत नव्हतं. मुलगा झाला, माणिकप्पा; त्याच्या पाठीवर तिला दोनदा दिवस राहिले. एकदा सहाव्या महिन्यात एकतिसाव्या पायरीवर पाय सटकला, एकदा सातव्यात चाळिसाव्या पायरीवर नुसतीच कळ आली आणि सगळं संपलं. पहिल्या वेळी पितळी घागरीला पोचा आला होता. त्या पोच्याची चर्चा घरात महिनाभर चालली. पोटातल्या जिवाबद्दल दुसऱ्या दिवशीही कुणी बोललं नाही.

गंमत अशी की रेवणप्पाच्या मळ्यात स्वतःची विहीर होती. घराच्या मागं, चढावर, तीनशे पावलांवर. सकाळी मोट चालायची, पाणी दगडी थारोळ्यात पडायचं आणि पाटानं मिरचीला जायचं. मिरचीला बसल्या जागी पाणी मिळत होतं, घरच्या बायकांना नाही. मळ्यात गडीमाणसं असतात, तिथं व्यापाऱ्याच्या घरच्या बाईनं घागर घेऊन जाऊ नये अशी घरची रीत. सत्तावन्न पायऱ्या उतरून साऱ्या गावादेखत ओलेत्यानं वर यायला मात्र त्या रीतीची हरकत नव्हती. ज्यांनी ही रीत घातली त्यांनी घागर कधी उचललेली नव्हती, दुसरं काय!

दुसरी मोठी लढाई संपत आली होती त्या सालच्या वैशाखातली गोष्ट. माणिकप्पाची बायको प्रेमा, सतरा वर्षांची, पहिलटकरीण. तिला चौथा महिना होता. हसरी पोर. सासूला कानडी धाटणीनं ‘अत्ती’ म्हणायची आणि महादेवीच्या हातातली घागर ओढून घ्यायची. एका सकाळी ती घागर भरून वर येत असताना एकतिसाव्या पायरीवर दम खायला थांबली. वरून बघणाऱ्या महादेवीच्या अंगाला दरदरून घाम सुटला. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, "अवं, मळ्यातनं अंगणात नळ आणा. आश्विनात प्रेमाचं बाळंतपण हाय, त्याच्या आत. ही पोर आता बारव उतरायची न्हाय."

लग्नाला तीस वर्षं झाली, तिनं नवऱ्याला अशा आवाजात कधी काही सांगितलं नव्हतं. रेवणप्पानं मान डोलावली, पण ती तिच्यासाठी नव्हे. तुळजापूरच्या एका सोयऱ्यानं अंगणात हौद बांधला होता आणि तो हौद रेवणप्पाला वर्षभर सलत होता.

"आणू की," तो म्हणाला. "पर कारागीर तूच बघ. पाण्यातलं बायकांनाच कळतंय. मला पेठेतनं सवड न्हाय."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला काही ठरवायला सांगितलं होतं. तिला रात्रभर झोप लागली नाही.

लोखंडी नळ लढाईमुळं कुठं मिळत नव्हता. भाजलेल्या मातीचा, कुंभाराकडचा खापरी नळच घालायचा होता. एकात एक तोंड घालून हातभर लांबीचे तुकडे जोडत न्यायचे आणि सांधे बुजवायचे. नळाचा सगळा जीव सांध्यात. महादेवीनं चौकशी सुरू केली, तीही अशी शहाणपणानं की पेठेतल्या कुणा शेठलाही जमली नसती. ज्या घरांत नळाचं काम झालं होतं तिथल्या पुरुषांना तिनं विचारलंच नाही. पुरुष सांगतात किती लागलं आणि गावात कसं नाव झालं. तिनं बायकांना गाठलं. पाणी पावसाळ्यात गढूळ येतं का, उन्हाळ्यात धार बारीक होते का, कारागीर बोलावल्यावर पुन्हा येतो का, हे बायकाच सांगतात. तीन गावांतल्या बायकांनी एकच नाव घेतलं. नळदुर्गचा मौलाली.

मौलाली साठीचा होता. किल्ल्यातल्या पाण्याची कामं त्याच्या घराण्यात चालत आली होती. महादेवी बैलगाडीतून नळदुर्गला गेली आणि त्यानं वीस वर्षांपूर्वी केलेला एक हौद पाहून आली. त्या घरची म्हातारी म्हणाली, "मी एकदा बी त्येला निरोप धाडला न्हाय बाई. लागलाच न्हाय." यापेक्षा आणखी काय दाखला हवा?

तो अणदूरला आला. थारोळ्यापासून अंगणापर्यंत दोनदा चालला. मधे महारुद्र पाटलाचा उकिरडा होता, चांगला पुरुषभर खोल. मौलाली त्याच्या कडेला थांबला आणि काठीनं जमिनीवर लांबलचक वळसा काढला.

"नळ असा न्यायचा, अक्का. उकिरड्यापासनं लांब."

"सरळ नेला तर काम निम्म्यात हुईल की, चाचा."

"हुईल की. पर ह्ये ध्येनात घ्या. नळ भरलेला आसला की पानी भाईर गळतंय. मोट थांबली, नळ रिता झाला, की भाईरचं आत घुसतंय. उकिरड्याखालनं नळ म्या माझ्या दुश्मनाला बी घालून देनार न्हाय."

चुना तो स्वतः दगडी चाकाच्या घाण्यात मळणार होता. त्यात कुटलेला कापूस आणि जवसाचं तेल घालून सांधा भरायचा, एकेक सांधा ओला ठेवून मुरवायचा, आणि पाणी सोडून सगळे सांधे घरच्या बाईला दाखवल्याशिवाय चर बुजवायचा नाही. श्रावणाच्या तोंडाला अंगणात बांधायच्या हौदात धार पडेल, असा त्याचा हिशेब होता. महादेवीला सगळं पटलं. ती मनात म्हणाली, हाच. मग त्यानं आपली अट सांगितली.

"पयला घोट माझा. आमच्यात बापजाद्यापासनं चालत आलंय. अंगनात धार पडली की घरचा तांब्या भरून म्या सगळ्यांम्होरं पिनार. तीन दिवस म्या एकटाच पिनार, हितंच दर्ग्याच्या ओसरीवर ऱ्हानार. चवथ्या दिवशी तुमी प्यायचं. म्या धडधाकट आसलो तर."

 नव्या पाण्याचा पहिला अभिषेक लिंगाला, हे महादेवीला सांगायचीही गरज वाटत नव्हती, इतकं ते ठरलेलं होतं. तीन दिवस कुणा दुसऱ्याच्या तोंडचं पाणी हौदात, आणि चौथ्या दिवशी तेच पूजेला? आणि घरचा तांब्या? ती ‘चाचा’ म्हणत होती ते खोटं नव्हतं. पण ‘चाचा’ म्हणणं जिभेचं काम असतं, आणि तांब्या स्वैपाकघरातला असतो.

"चाचा, तुमी अंगनाच्या भाईर बसा. म्या वरनं धार धरते, तुमी ओंजळीनं प्या. तीन दिवस न्हाय, एकदाच. लिंगाची पूजा झाल्यावर."

मौलालीचा चेहरा बदलला नाही. त्यानं पटक्याच्या टोकानं मान पुसली.

"ओंजळीत पानी वाटसराला घालत्यात, अक्का. जामीन ऱ्हातो त्येला न्हाय. म्या ह्या घराच्या जिवाला जामीन ऱ्हातोय. माझ्या तोंडाचं पानी तुमच्या लिंगाला चालत न्हाय, तर माझ्या हाताचा नळ कसा चालंल?"

दाराआड उभी असलेली प्रेमा तेवढ्यात बोलून गेली, "अत्ती, पिऊ देत की चाचास्नी. ज्येनं नळ केला त्येनंच आधी प्यावं, बराबर हाय."

"तू आत जा!" महादेवी तिच्यावर खेकसली. सुनेवर ती एवढी कधीच खेकसली नव्हती. मौलाली "सवडीनं कळवा," म्हणाला आणि चालत नळदुर्गला गेला.

जी माणसं आपल्यात सोवळं-ओवळं नाही, देवापुढं सगळे सारखे, असं अभिमानानं सांगतात, त्यांच्याच घरातल्या तांब्याची ही गोष्ट आहे. महादेवीला मनात ठाऊक होतं, की जो स्वतः पिणार आहे तो उकिरड्याखालून नळ नेणार नाही. अटीतच कामाची हमी होती. चार दिवस ती घुटमळली. तांब्या नंतर विस्तवातून काढला तर? स्वामींना सांगितलंच नाही तर? मग आठवड्याच्या बाजारात रेवणप्पाच्या मावसबहिणीचा दीर भेटला, शिवशरण. सोलापूरला नळाची कामं करून आलेला, कपाळभर विभूती, गळ्यात लिंग. बोलायला असा गोड की जन्मात आंबट कधी खाल्लंच नसावं.

"पयलं पानी लिंगाला, वैनी! ह्ये काय इचारायचं झालं?" तो म्हणाला. महादेवीच्या छातीवरचा धोंडा उतरला. आपल्यातला माणूस. तिनं त्याच्या कामाबद्दल एकाही बाईला विचारलं नाही. मौलालीसाठी तीन गावं पालथी घालणाऱ्या बाईनं याच्यासाठी शेजारचं घरसुद्धा गाठलं नाही. गळ्यातलं लिंग बघितलं आणि तपासणी संपली.

शिवशरण रोज आंघोळ करून, पूजा करून कामाला लागायचा. नळ त्यानं सरळ नेला, उकिरड्याच्या बुडातून. "वळसा कशाला? म्हाताऱ्याला दिवस भरायचं हुतं," म्हणाला. सकाळी खणलेला चर तो संध्याकाळी बुजवून टाकायचा. महादेवीनं एकदा विचारलं, "सांधं दावायचं ऱ्हायलं की." तो हसला, "वैनी, भरवसा न्हाय व्हय आमच्यावर?" घरच्याच माणसाला भरवसा नाही असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? ती आत गेली. त्याच्या घमेल्यात चुना थोडा आणि शेणमाती जास्त होती. हे तिनं पाहिलं होतं. पाहिलं होतं, म्हणूनच पुढं तिला स्वतःची सुटका करून घेता आली नाही.

तीन आठवड्यांत काम झालं. ज्येष्ठातल्या एका सोमवारी स्वामी आले, अंगणात धार पडली, पहिलं पाणी लिंगावर चढलं. मग सगळे ते हातावर घेऊन प्याले. प्रेमाला दोनदा दिलं, पोटात जीव होता म्हणून. शिवशरणाला धोतरजोडी दिली. पेठेत रेवणप्पाचं नाव झालं.

खरं सांगायचं तर त्यानंतरचा दीड महिना महादेवीच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा गेला. सकाळी उठायचं आणि कुठंच जायचं नाही! ती नुसती हौदाच्या काठावर बसून राहायची. प्रेमा तिच्या पायाला तेल चोळायची. "अत्ती, तुमच्या नातवाला पायऱ्या मोजाय येनार न्हाईत बघा," ती म्हणायची आणि दोघी हसायच्या.

श्रावणात पाऊस धरून बसला. उकिरडा काठोकाठ भरला. एके सकाळी प्रेमा म्हणाली, "अत्ती, पान्याला जरा वास हाय."

"नव्या खापराचा वास हाय तो. जाईल," महादेवी म्हणाली.

भाद्रपदाच्या दुसऱ्या आठवड्यात प्रेमाला पहाटे उलट्या सुरू झाल्या. पटकी. उन्हं वर यायच्या आत तिचे डोळे खोल गेले, हातापायांना गोळे यायला लागले. ती सारखी पाणी मागत होती. आणि महादेवी तिला पाजत होती, त्याच हौदातलं, त्याच तांब्यानं, मांडीवर डोकं घेऊन, हळूहळू, ठसका लागू नये म्हणून जपून. दुपारच्या जेवणवेळेला प्रेमा गेली. आठव्या महिन्यातलं मूल तिच्यासंगंच गेलं. रिवाजाप्रमाणं तिला बसवून पुरलं. गावात आणखी कुठंच पटकी नव्हती, फक्त याच घरात. रेवणप्पाही आजारी पडला, पण वाचला. लोकांनी कुंभाराला दोष दिला, कुणी ग्रहणाला, कुणी प्रेमानं खाल्लेल्या काकडीला. शिवशरण तोवर गुलबर्ग्याकडं दुसऱ्या कामाला निघून गेला होता. पहिलं पाणी लिंगाला देणाऱ्या नळाचा कारागीर म्हणून तिकडं त्याचं नाव झालं होतं म्हणे.

महिना उलटला नाही तोवर घरात माणिकप्पाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. वाशीकडची मुलगी, पंधरा वर्षांची. ते कानावर आलं त्याच दिवशी महादेवी कुणाला न विचारता गाडी जोडून नळदुर्गला गेली.

मौलाली घाण्यावर चुना मळत होता. तिला पाहून उठला. त्यानं पहिलीच गोष्ट विचारली, "या अक्का. पोरगी सुटली का? काय झालं, पोरगा का पोरगी?"

 महादेवीनं नुसती मान हलवली. म्हाताऱ्यानं हातातलं फावडं खाली ठेवलं. ती म्हणाली, "चाचा, चला. उकरून दावा. काय झालं त्ये मला डोळ्यांनी बघायचंय. आन मग तुमच्या मनासारखा नळ घाला. घरात आनखी एक पोर यायचीय."

त्यानं उकरलं. उकिरड्याखालच्या सांध्यात शेणमाती आणि चिंध्या निघाल्या. चिंध्या हातानं ओढल्या की निघत होत्या. मौलालीनं भोकात दोन बोटं घातली, काळं पाणी बोटांवरून ओघळलं.  ‘म्या सांगितलं हुतं’ एवढे तीन शब्द तरी त्यानं बोलायला हवे होते, असं महादेवीला वाटलं. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन महिने काम चाललं; तेवढ्यात माणिकप्पाचं लग्न उरकून वाशीकडची पोर घरात आली. वळसा घालून, चुना मुरवून, प्रत्येक सांधा तिला दाखवून. एका सकाळी अंगणात धार पडली. या वेळी स्वामींना बोलावणं नव्हतं. रेवणप्पा ओसरीवर मान खाली घालून बसला होता. महादेवीनं स्वैपाकघरातला तांब्या आणला, धारेखाली भरला आणि मौलालीसमोर हौदाच्या काठावर ठेवला.

"घ्या, चाचा. पयला घोट तुमचा."

मौलालीनं तांब्याकडं पाहिलं. मग तो वाकला, दोन्ही हात जोडून ओंजळ केली, धारेखाली धरली आणि प्यायला. मिशा पुसल्या.

"तांब्या त्या पोरीनं म्हनलं तवा दिला आसता तर घेतला आसता, अक्का," तो म्हणाला. "आता ओंजळ बरी."

तीन दिवस तो रोज सकाळी आला, ओंजळीनं प्यायला आणि दर्ग्याच्या ओसरीवर जाऊन बसला. चौथ्या दिवशी "प्या आता," एवढंच म्हणाला, अवजारांची पिशवी खांद्याला लावली आणि नळदुर्गच्या वाटेला लागला. तो वळणाआड जाईपर्यंत महादेवी दारात उभी होती.

ती अंगणात आली. तांब्या तीन दिवस काठावर तसाच होता, भरलेला. कुणी त्याला हात लावला नव्हता. तिनं तो उचलला, पाणी ओतून दिलं, चुलीपाशी गेली आणि राखेनं घासायला बसली. एकदा घासून विसळला. दुसऱ्यांदा घासला. तिसऱ्यांदा राख घेताना तिच्या ध्यानात आलं. म्हाताऱ्यानं तांब्याला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं, नुसता त्याच्यापुढं ठेवला होता. आपण काय धुतोय?

तिला ओरडावंसं वाटलं, तांब्या भिंतीवर आपटावासा वाटला. प्रेमाचं नाव घेऊन तिनं स्वतःला शिवी दिली. हात मात्र राख चोळतच राहिले. घासून, विसळून तिनं तांब्या फळीवर उपडा घातला, आणि पदराला हात पुसून नव्या सुनेसाठी पाणी भरायला घागर घेऊन हौदावर गेली.